रजतपटावरील नटास उपदेश

नट होऊ इच्छिणाऱ्यास उपदेश करण्याची हौस आपल्या समाजात कधीच कमी पडलेली नाही. तथापि त्या उपदेशाचे वर्गीकरण करू गेल्यास तो बहुधा दोनच प्रकारचा आढळतो. 'त्या वाटेस जाऊ नकोस' हा पहिला प्रकार. आणि 'जावयाचेच असेल तर अमुक मार्गाने शिरकाव करून घे' हा दुसरा. परंतु जो मनुष्य त्या वाटेने जाऊन पोहोचलेला आहे, ज्याला उद्या सकाळी पुन्हा तोंडास रंग लावून कॅमेऱ्यापुढे उभे राहावयाचे आहे, त्याने आपले मन, आपले शरीर व आपली मिळकत कशी सांभाळावी हे सांगणारा तिसरा उपदेश मात्र दुर्मिळच. या तिसऱ्या उपदेशाचा महाराष्ट्रातील इतिहास थोडा परंतु उद्बोधक आहे. त्याचा आरंभ मुंबईस किंवा पुण्यास न करता वऱ्हाडातील वाशिमपासून करणे मला अधिक योग्य वाटते. असे का, ते पुढील विवेचनावरून ध्यानात येईल.

वाशिमचा स्वतंत्र जिल्हा १९९८ साली अकोल्यातून वेगळा काढून झाला. पण नगर म्हणून वाशिमचे वय दीड हजार वर्षांहून अधिक आहे. प्राचीन वत्सगुल्म ते हेच. वाकाटक राजघराण्याच्या एका शाखेची राजधानी येथे होती, आणि त्या शाखेचा संस्थापक सर्वसेन हा स्वतः 'हरिविजय' नावाच्या प्राकृत काव्याचा कर्ता होता. या घराण्याचा वाशिम येथे मिळालेला ताम्रपट १९३९ साली उजेडात आला, आणि ग्रंथांतरी ऐकू येणाऱ्या वत्सगुल्माला भूमीवरचा निश्चित ठिकाणा लाभला. वाकाटकांचे राज्य लयास गेल्यावर काही शतकांनी, म्हणजे इसवी सन ९०० च्या सुमारास, राजशेखराने आपल्या 'काव्यमीमांसा' या ग्रंथात याच नगराचा मोठ्या गौरवाने उल्लेख केला. हा ग्रंथ १९१६ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्यविद्या ग्रंथमालेचे पहिले पुष्प म्हणून छापला गेला.

राजशेखराची कथा रूपकात्मक आहे. सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष हा रुसून घर सोडून निघतो. त्याला प्रेमाने बांधून ठेवण्यासाठी गौरी ही साहित्यविद्यावधू निर्माण करून त्याच्या मागोमाग पाठविते. ती पूर्वेकडील देशांत जाते, पांचालात जाते, अवंतीत जाते. प्रत्येक ठिकाणी नवा वेष, नवे नृत्यगीत व नवी वाणी धारण करते. पूर्वेस तो जवळजवळ उदासीनच राहतो. पुढे हळूहळू वश होत जातो. आणि अखेर विदर्भात, या वत्सगुल्म नगरात, दोघांचा गांधर्वविवाह होतो. या प्रवासाच्या ओघात राजशेखर तीन व्याख्या देऊन जातो: वेषाची मांडणी ती प्रवृत्ती, विलासाची म्हणजे हालचाल-हावभावांची मांडणी ती वृत्ती, आणि वचनाची मांडणी ती रीती. वाचकहो, ही तीन अंगे म्हणजे नटाचे सर्व बाह्य भांडवल नव्हे काय? वेष, हालचाल आणि वाणी यांखेरीज नटाजवळ दाखविण्यासारखे दुसरे काय असते?

राजशेखराला हेही पक्के ठाऊक होते की, बाह्य भांडवल कितीही असले तरी ज्याच्या दिवसाला शिस्त नाही त्याची कला टिकत नाही. म्हणून त्याने कवीची दिनचर्या प्रहरवार आखून दिली. सकाळचा प्रहर अभ्यासास, दुसरा रचनेस, भोजनोत्तर वेळ रसिकांच्या संगतीस, आणि चौथ्या प्रहरी मोजक्या माणसांसह सकाळच्या कामाची तपासणी. रात्री गाढ झोप घ्यावी, कारण आरोग्याचे मूळ तेथे आहे, हेही सांगावयास तो विसरत नाही. याहून मोलाचा त्याचा एक उपदेश मनासंबंधी आहे. लोकांनी निंदा केली एवढ्यावरून कवीने स्वतःचा तिटकारा करू नये, आपली पारख आपणच करावी. लोकांच्या जिभेला लगाम नसतो, असा त्याचा आशय आहे. हजार वर्षांपूर्वी लिहिलेला हा विचार आजच्या नटाने, ज्याची स्तुती व निंदा घटकाघटकेला त्याच्या हातातील दूरध्वनीवर येऊन आदळते, भिंतीवर लिहून ठेवावा इतका ताजा आहे.

मात्र या उपदेशात एक मोठी जागा रिकामी आहे. राजशेखराचा कवी पोटाची चिंता करीत नाही. राजाने कविसभा भरवावी, गुणांची परीक्षा घ्यावी व गुणवंतांस दानमान द्यावा, असे सांगून त्याने भाकरीचा प्रश्न राजाच्या कर्तव्यांत घालून टाकला आहे. रजतपटावरील नटाला असा राजा नाही. त्याचा आश्रयदाता म्हणजे तिकीट काढणारा प्रेक्षक, आणि त्या दोघांच्या मध्ये निर्माता, सावकार, वितरक व चित्रगृहाचा मालक अशी लांबलचक रांग उभी आहे. म्हणून राजशेखराने जेथे लेखणी थांबविली, तेथूनच आपल्या विसाव्या शतकातील इतिहासास प्रारंभ होतो.

दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली 'राजा हरिश्चंद्र' चित्रपटाची सिद्धता चालविली, तेव्हा तारामतीचे काम करावयास स्त्री मिळेना. अखेर ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके हे तारामती झाले. तेथे त्यांना दरमहा १० रुपये मिळत. फाळक्यांनी १५ देऊ केले, असे सांगतात. पुढे १९१७ च्या 'लंकादहन' चित्रपटात राम व सीता या दोन्ही भूमिका याच गृहस्थाने केल्या. त्या काळी सिनेमात काम करणे हे इतके हलके समजले जाई की, कोणी विचारलेच तर 'आम्ही हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत नोकरीला आहो' असे सांगावे, अशी सूचना फाळक्यांनी आपल्या मंडळींस दिली होती. मराठी भूमीत पडद्यावरील नटास मिळालेला हा पहिला व्यावसायिक उपदेश होय: आपला धंदा लपवावा आणि त्याला कारखाना म्हणावे! तो द्वेषाने दिलेला नव्हता, मायेनेच दिलेला होता. परंतु ज्या मनुष्याला आपल्या कामाचे नावही उघड घेता येत नाही, त्याने त्या कामाच्या मोबदल्याबद्दल उघड बोलावे तरी कसे? लाजेने पहिला घाला घातला तो नटाच्या हिशेबावर.

पुढे बोलपट आले. १९२९ साली कोल्हापुरास स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ साली पुण्यास आली, आणि चित्रपट हा खरोखरच कारखान्यासारखा चालू लागला. नट-नटींना मासिक वेतन, ठरलेल्या वेळी हजेरी, तालीम, शिस्त. या पद्धतीचे गुण नाकारता येणार नाहीत. महिन्याच्या महिन्यास पैसा मिळे, शिक्षण मिळे, आणि कामाला एक प्रतिष्ठा आली. पण त्याबरोबरच नटाचा चेहरा, गळा आणि वेळ ही तिन्ही कराराने बांधली गेली.

शिवाय पडद्यावरील अभिनयाचे श्रमही निराळ्या जातीचे होते. रंगभूमीवर भावना क्रमाक्रमाने चढत जाते आणि समोरचा प्रेक्षक तिला तत्क्षणी उत्तर देतो. १९११ साली 'मानापमान' नाटकाच्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच बालगंधर्वांची लहान कन्या निवर्तली, आणि तरीही ते रंगभूमीवर उभे राहिले. हा प्रसंग आपल्याकडे नटाच्या कर्तव्यनिष्ठेचा आदर्श म्हणून सांगितला जातो. याच बालगंधर्वांनी १९३५ साली प्रभातच्या 'धर्मात्मा' चित्रपटात एकनाथांचे काम केले. परंतु त्या सृष्टीत ते रमले नाहीत व रंगभूमीकडे परतले. चित्रणात मृत्यूचा शोक सकाळी, विवाहाचा आनंद दुपारी आणि बालपणीचा रुसवा तिसऱ्या दिवशी, अशा तुकड्यांनी काम चालते. एकच अश्रू दहा वेळा ढाळावा लागतो आणि समोर टाळी वाजविणारा कोणी नसतो. इतक्या थोर नटालाही जे रुचले नाही ते नवख्या पोरापोरींनी हसतमुखाने सोसावे, अशी अपेक्षा मात्र सर्वत्र होती.

या अपेक्षेला पहिले जाहीर उत्तर एका स्त्रीने दिले. शांता आपटे यांनी १९३७ च्या 'कुंकू' चित्रपटात जरठ-कुमारी विवाह नाकारणाऱ्या नीरेचे काम करून साऱ्या देशाचे लक्ष वेधले होते. दोनच वर्षांनी, जुलै १९३९ मध्ये, करार व वेतन यांच्या तक्रारीवरून त्याच प्रभातच्या दाराशी त्या उपोषणास बसल्या. पडद्यावर अन्यायाला नकार देणारी नायिका आणि फाटकापाशी अन्नाला नकार देणारी नोकरदार स्त्री यांत लोकांनी पहिलीला डोक्यावर घेतले, दुसरीकडे कुतूहलाने पाहिले. पण शांताबाई एवढ्यावर थांबल्या नाहीत. १९४० साली त्यांनी 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक प्रसिद्ध केले. चित्रपट हा कलेचा नुसता दरबार नसून भांडवलावर चालणारा धंदा आहे आणि नट हा त्यात श्रम विकणारा मनुष्य आहे, ही दृष्टी त्या पुस्तकात आहे. प्रश्न होतकरू मुलामुलींचा. उत्तर मात्र आत राहून आलेल्या बाईचे. फाळक्यांनी लाज झाकण्यासाठी 'फॅक्टरी' हा शब्द सुचविला होता. अठ्ठावीस वर्षांनी शांताबाईंनी तो लाज टाकून खरा करून दाखविला. होय, हा कारखानाच आहे, म्हणून कारखान्यातील कामगाराने जे विचारावे ते नटानेही विचारावे, असे त्यांच्या भूमिकेचे सार सांगता येईल.

हा उपदेश किती निकडीचा होता, हे पुढील दोन चरित्रांवरून दिसेल. १९४२ साली एका चित्रणाच्या वेळी भगवान पालव यांनी भूमिकेच्या ओघात ललिता पवार यांच्या मुखात मारली. ती चपराक खरीच जोरात बसली. चेहऱ्याला पक्षाघात झाला, डावा डोळा कायमचा अधू झाला आणि सुमारे तीन वर्षे उपचारांत गेली. नायिकेच्या भूमिका संपल्या. परंतु ललिताबाईंनी त्या अधू डोळ्यासकट परतून सासू, आई आणि कजाग बायका अशा उभ्या केल्या की, १९५९ च्या 'अनाडी' चित्रपटातील कामाबद्दल त्यांना फिल्मफेअर पारितोषिक मिळाले, आणि दूरचित्रवाणीवरील 'रामायण' मालिकेत त्यांची मंथरा घरोघर पोहोचली. ज्याने मारले त्या भगवानदादांची कथा उलट दिशेने जाते. अमरावतीस जन्मलेल्या या वऱ्हाडी नटाने १९५१ साली 'अलबेला' काढला. गरीब घरातला एक पोरगा नट होण्याची स्वप्ने पाहतो आणि मोठा नट होतो, अशीच त्याची कथा होती. जुहूस पंचवीस खोल्यांचा बंगला झाला, दारी सात मोटारी आल्या. पुढचे चित्रपट पडले तसे हे सारे गेले, आणि २००२ साली दादांचा अंत दादरच्या चाळीत झाला. एकीचे शरीर मोडले पण धंदा सावरला. दुसऱ्याचे शरीर धड राहिले पण धंदा बुडाला. दोघांच्याही गुणांबद्दल शंका नाही. ललिताबाईंनी आपली किंमत नायिकेच्या चेहऱ्यावर ठरविली नाही, हे त्यांचे तारक ठरले. दादांनी एका चित्रपटाचे यश हे कायमचे उत्पन्न मानले, हे त्यांना भोवले.

तिसरे चरित्र आपणा कुटुंबवत्सल वाचकांसाठी विशेष बोधप्रद आहे. हंसा वाडकर यांचे 'सांगत्ये ऐका' हे आत्मकथन १९७० साली प्रसिद्ध झाले व १९७७ साली त्यावरून 'भूमिका' हा चित्रपट निघाला. अजाण वयात पैसा मिळवू लागलेल्या मुलीवर सारे घर विसंबते आणि मग तिच्या कामाचा, विश्रांतीचा व सुखाचाही निर्णय घरातील इतर माणसे घेऊ लागतात, हे त्या पुस्तकात निर्भीडपणे आले आहे. कारखान्याच्या मालकाशी करार तरी करता येतो. घराशी करार कोण करणार? नटाच्या मनाचे आरोग्य बिघडते ते पुष्कळदा चित्रगृहात नव्हे, स्वयंपाकघरात.

कायद्याने पुढे काही केले नाही असे नाही. १९८१ साली संसदेने चित्रपट-कामगारांसाठी कायदा करून लेखी कराराची अट घातली, आणि तेच तत्त्व २०२० च्या कामगारसंहितेत आले. शांताबाईंच्या उपोषणापासून तेथवर यावयास चार दशकांहून अधिक काळ लागला. परंतु कागदावर सही करण्यापूर्वी तो वाचावा लागतो, आणि वाचण्याचे धैर्य यावयास आपण याचक नसून कारागीर आहो ही जाणीव असावी लागते. ती जाणीव कायदा देऊ शकत नाही. ती घरातून द्यावी लागते.

आज वाशिम, कारंजा किंवा रिसोडच्या एखाद्या घरातला मुलगा वा मुलगी मालिकेत काम मिळवून मुंबईस राहते, तेव्हा आईबाप अभिमानाने चार घरी सांगतात. फाळक्यांच्या काळची लाज गेली, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र लाजेची जागा कौतुकाने घेतली तरी हिशेबाची जागा रिकामीच राहू शकते. अशा मुलास दूरध्वनीवर 'पुढचा भाग कधी दिसणार?' असे विचारणारे पुष्कळ असतात. 'पैसे वेळेवर मिळाले का? झोप पुरते का? काम नसलेल्या महिन्यात कसे भागवतोस?' हे विचारणारे एखाददुसरेच. पण नटास तारून नेणारे तेच प्रश्न होत.

राजशेखर मन सांभाळावयास सांगतो, शांताबाई मोबदला सांभाळावयास सांगतात. हे दोन उपदेश वेगळे नाहीत. ज्याची उद्याची भाकरी दुसऱ्याच्या लहरीवर आहे, त्याला लोकनिंदेने न डगमगण्यास सांगणे ही क्रूर थट्टा आहे. आणि ज्याला स्वतःची किंमत स्वतः करता येत नाही, त्याच्या हाती उत्तम करारनामा दिला तरी तो कमी पैशांतच सही करील. काव्यपुरुष रुसून घराबाहेर पडला, तेव्हा गौरीने त्याला ओढून परत आणविले नाही. त्याची साथ करणारे कोणीतरी त्याच्या मागोमाग पाठविले, आणि म्हणूनच तो वत्सगुल्मापर्यंत सुखरूप पोहोचला. घर सोडून पडद्याकडे निघालेल्या मुलामुलींच्या बाबतीत वडीलधाऱ्यांनी याहून अधिक काही करण्याची आवश्यकता नाही, आणि याहून कमी करून चालणार नाही.