पक्क्या रंगाचं पाणी

मागच्या वेळी आपण नीळ, मंजिष्ठ आणि हिरडा यांच्यापाशी थांबलो होतो. आज मात्र रंगाबद्दल नाही, रंगवून झाल्यावर जे पाणी उरतं त्याबद्दल बोलायचं आहे. कापडाच्या इतिहासात हे पाणी बहुतेक वेळा शेवटच्या परिच्छेदात, 'प्रदूषण' या एका शब्दात उरकलं जातं. माझं म्हणणं असं, की गेल्या साठ-सत्तर वर्षांचा रंगाईचा इतिहास या पाण्याकडे पाहिल्याशिवाय कळतच नाही.

साडी घेताना आपल्या आज्या एक प्रश्न हमखास विचारायच्या, "रंग पक्का आहे ना?" लाल लुगडं पहिल्या धुण्याला वेगळं भिजवायचं, हा घराघरातला नियम होता. म्हणजे रंग जाणार हे गृहीतच होतं. १८५६ साली लंडनमध्ये अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनने क्विनीन बनवायच्या खटपटीत जांभळा रंग काढला, मग डांबरापासून रंगांची रांगच लागली, आणि १८९७ मध्ये जर्मन कारखान्याची नीळ बाजारात आली. ती गोष्ट मागे झाली आहे, पुन्हा सांगत नाही. पण सुती कापडाचं दुखणं तेव्हाही पुरतं बरं झालं नव्हतं. सुतावर चमकदार आणि टिकाऊ असे दोन्ही गुण एका रंगात, सोप्या पद्धतीने मिळत नव्हते.

ते मिळाले बरोबर शंभर वर्षांनी. १९५६ मध्ये ब्रिटनच्या आयसीआय कंपनीने 'प्रोसिऑन' नावाचे रंग विकायला आणले. शोध होता रॅटी आणि स्टीफन या दोन रसायनशास्त्रज्ञांचा. आधीचे बहुतेक रंग सुतावर बसायचे किंवा धाग्याच्या आत अडकून राहायचे. या रंगाने सुताशी थेट रासायनिक बंध जोडला. म्हणून यांना रिॲक्टिव्ह रंग म्हणतात. आज तुमच्या अंगावर गडद सुती टी-शर्ट असेल, तर बहुधा याच जातीचा रंग आहे.

आता गंमत बघा. हा रेणू जसा सुताशी बंध जोडतो, तसा पाण्याशीही जोडतो. आणि रंगाईच्या हौदात सुतापेक्षा पाणीच जास्त असतं. पाण्याशी एकदा जोडला गेला की तो कापडाच्या कामाचा राहत नाही, पण रंग तसाच. टाकलेल्या रंगाचा पाचवा हिस्सा, कधी तिसरा हिस्सा असा फुकट जातो आणि गटारात उतरतो. तिथे जिवाणूंनी त्याला खावं म्हणावं, तर ऊन, साबण, घाम यांना दाद देऊ नये म्हणूनच तो बनवलेला. साध्या सांडपाणी केंद्रातल्या जिवाणूंना तो सहजी जुमानत नाही.

दुसरी गोष्ट मिठाची, आणि ती जास्त महत्त्वाची. पाण्यात सुतावर ऋण विद्युतभार असतो. रंगाच्या रेणूवरही ऋण, कारण तो विरघळावा म्हणून त्याला सल्फोनेटचे गट जोडलेले असतात. दोघं एकमेकांना लांब ढकलतात. त्यांना जवळ आणायला मीठ घालावं लागतं, साधं मीठ नाहीतर ग्लॉबर सॉल्ट. गडद रंगाला लिटरमागे ५० ग्रॅमच्या पुढे. समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम असतं, म्हणजे हौद समुद्राहून खारट! यातलं मीठ कापडावर राहत नाही. सगळंच्या सगळं पाण्याबरोबर बाहेर जातं.

याचं काय होतं ते बघायला तमिळनाडूत तिरुप्पूरला जाऊ. गंजीफ्रॉक आणि टी-शर्टचं हे गाव नोय्यल नदीच्या काठी आहे. नोय्यल वेल्लिंगिरीच्या डोंगरात उगम पावते आणि पुढे कावेरीला मिळते. तिरुप्पूरच्या खाली ओरत्तुपाळयम इथे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला शेतीसाठी धरण बांधलं गेलं. त्याच काळात निर्यात वाढली, डाईंगचे कारखाने सातशेच्या वर गेले, आणि धरणात रंगाईचं पाणी साठू लागलं. मग जे झालं ते आपल्याकडच्या शेतकऱ्याला खरं वाटणार नाही. खालच्या भागातले शेतकरी कोर्टात गेले आणि म्हणाले, हे पाणी आम्हाला सोडू नका. धरण ज्यांच्यासाठी बांधलं, तेच पाणी नको म्हणत होते.

कारखान्यांनी काहीच केलं नाही असं नाही. १९९० च्या दशकात सामायिक सांडपाणी केंद्रं उभी राहिली. चुना, फेरस सल्फेट, जिवाणूंच्या टाक्या. पाण्याचा रंग बराचसा गेलाही. पण मीठ? चुन्याने मीठ खाली बसत नाही, जिवाणू मीठ खात नाहीत. विरघळलेल्या क्षारांची मर्यादा लिटरला २१०० मिलिग्रॅम होती आणि प्रक्रिया केलेलं पाणी त्याच्या कितीतरी वर होतं. मला ही या इतिहासातली मोठी चूक वाटते. पाणी डोळ्यांनी तपासलं गेलं. रंग दिसतो म्हणून रंगावर ओरड झाली आणि रंगावरच उपाय झाला. नारळ आणि विहिरी मिठाने मेल्या.

आता थोडं मागे आणि बरंच लांब, कॅलिफोर्नियात जायचं आहे, कारण तिरुप्पूरला पुढे जे यंत्र आलं त्याचं मूळ तिथे आहे. पहिल्या महायुद्धानंतर सेल्युलोज ॲसिटेट नावाचं कृत्रिम रेशीम निघालं होतं. कापसाच्या किंवा लाकडाच्या सेल्युलोजपासून केलेलं. त्याची खोड अशी, की नेहमीचे सुती रंग ते धरतच नसे. त्याच्यासाठी १९२० च्या दशकात वेगळी रंगांची जात शोधावी लागली. रंगाऱ्यांना छळणारा हाच पदार्थ १९५० च्या दशकात पाणी गोड करणाऱ्यांच्या हाती लागला. त्याचा पातळ पापुद्रा मीठ अडवतो हे कळलं होतं, पण पाणी इतकं हळू झिरपायचं की उपयोग शून्य.

लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात सिडनी लोब आणि आपले श्रीनिवास सौरिराजन यांनी १९६० च्या सुमारास हा पेच सोडवला. त्यांच्या लक्षात आलं की एकच पापुद्रा एका बाजूने लावला तर चालतो, उलटा लावला तर चालत नाही. दुधावर साय धरावी तशी त्याच्या एकाच बाजूला घट्ट, अतिशय पातळ साय होती; खालचा भाग नुसता सच्छिद्र आधार. मीठ अडवायचं काम सायीचं. साय जितकी पातळ तितकं पाणी जास्त. तुमच्या स्वयंपाकघरातला आरओ याच कल्पनेचा वंशज आहे.

पुढची पायरी अमेरिकेतल्याच जॉन कॅडॉट यांची, १९७० च्या दशकाअखेरीस. त्यांनी साय आणि आधार वेगवेगळ्या पदार्थांचे केले. साय बनवायला जे रसायन वापरलं त्याचं नाव मेटा-फिनिलीन डायअमीन. रंगांच्या व्यापारात हे जुनं नाव: १८६० च्या दशकातला 'बिस्मार्क ब्राऊन' हा तपकिरी रंग याच्यापासूनच होतो. (मागून: म्हणजे चोराच्याच हातात किल्ल्या! हशा.) हो, तसंच म्हणा.

तिरुप्पूरला आरओ सक्तीने आला. मद्रास उच्च न्यायालयाने कारखान्यांना एक थेंबही बाहेर सोडू नका असं बजावलं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि २८ जानेवारी २०११ ला उच्च न्यायालयाने डाईंग युनिट बंद करायला लावली. हजारो मजुरांचं काम गेलं, हेही विसरायचं नाही. नंतर 'शून्य विसर्ग' पाळणारी युनिट पुन्हा सुरू झाली. आरओतून बरंचसं पाणी परत वापरायला मिळतं. पण मागे जो खारट, रंगीत काढा राहतो तो आरओला पेलत नाही. मीठ वाढलं की पाणी ढकलायला लागणारा दाबही वाढतो. मग तो आटवायचा. त्यासाठी इंधन जाळायचं, आणि शेवटी रंगाने बरबटलेलं मीठ पोत्यांत भरून शेडमध्ये ठेवायचं.

आजची पापुद्र्यांची संशोधनं सुरू होतात ती या शेडपाशी. सगळंच अडवण्यापेक्षा रंग अडवावा आणि मीठ सोडून द्यावं, म्हणजे खारं पाणी पुन्हा हौदात घालता येईल. मिठाचे कण बारीक, रंगाचा रेणू त्याच्या दहा-पंधरा पट जड. आरओपेक्षा सैल विणीचा पापुद्रा, ज्याला नॅनोफिल्ट्रेशन म्हणतात, हे काम करू शकतो. त्यावर ऋणभार दिला तर तो ऋणभारित रंगाला ढकलतोही. मात्र फार खारट पाण्यात भाराचा जोर ओसरतो, म्हणून छिद्राचं मापही नेमकंच लागतं. शिवाय रंग पापुद्र्यावर चिकटून बसतो आणि तो तुंबतो. पृष्ठभागाला पाण्याची ओढ लावली, तर हे कमी होतं.

त्यासाठी काय काय लावतात? कोकणातल्या शिणाण्या खडकाला ज्या द्रव्याने चिकटतात त्याची नक्कल करणारा लेप २००७ मध्ये अमेरिकेत निघाला, तो पापुद्र्यांवर फार वापरला गेला. आणि दुसरा, मला सर्वांत आवडणारा, टॅनिक आम्ल आणि लोहाचा. टॅनिन आणि लोह! मागच्या व्याख्यानातलं हिरडा आणि लोखंडाचं पाणी आठवा, ज्याने रंगारी काळा रंग बसवायचे. आता त्याच जातीची जोडी पापुद्र्यावर बसवून रंग रोखायचा प्रयत्न चालू आहे.

यातली बरीच कामं प्रयोगशाळेत, रुपयाएवढ्या तुकड्यावर, शुद्ध पाण्यात एक रंग विरघळवून केलेली असतात. इचलकरंजीच्या प्रोसेसचं पाणी तसं नसतं. त्यात खळ असते, साबण असतो, तेल असतं, आणि सकाळी लाल तर दुपारी काळा. तिथे पापुद्रा वर्षभर टिकला, तरच ते संशोधन पंचगंगेच्या काही उपयोगाचं. आणि टिकला तरी रंगाचा दाट काढा मागे उरतोच. त्याचं काय करायचं हा प्रश्न उघडा आहे.

वेळ संपली आहे. खाली चहा ठेवलाय, प्रश्न तिथेच घेऊ.