दिव्यांवरील बंदी

रात्री गाडीला दिवा असलाच पाहिजे, हा दंडक ब्रिटनमध्ये रुळलेला होता. १ सप्टेंबर १९३९ रोजी त्याच शासनाने जवळजवळ उलट आज्ञा केली. शत्रूच्या विमानांना लक्ष्य दिसू नये म्हणून मोटारींचे पुढचे मोठे दिवे निषिद्ध झाले. पुढे मुभा मिळाली ती एकाच दिव्याला, आणि तीही झाकणाच्या फटींतून झिरपेल तेवढ्या उजेडापुरती. पदपथांच्या कडा पांढऱ्या रंगविण्यात आल्या. फेब्रुवारी १९४० पासून वस्तीतून रात्री ताशी २० मैलांहून अधिक वेग वर्ज्य ठरला. पण त्या काळोखात वेगाचा काटा तरी कोणाला दिसणार! १९३८ साली तेथील रस्त्यांवर ६,६४८ माणसे दगावली होती. १९४१ साली पेट्रोल मोजूनमापून मिळत असतानाही ९,१६९ दगावली. एवढा आकडा तेथील नोंदींत त्यापूर्वी वा त्यानंतर आढळत नाही.