बँकॉकचा फुटपाथ नेमका कोणाचा?

दिवाळीची सुट्टी लागली की आपल्या ओळखीतल्या मंडळींचे बँकॉकचे फोटो सुरू होतात. पाद थाईची प्लेट, चातुचक बाजारात दोन्ही हातांत पिशव्या, आणि पाय दाबून घेताना सुखाने मिटलेले डोळे. नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्याला तिथं पर्यटनासाठी व्हिसा लागेनासा झाला, त्यामुळे गर्दी आणखी वाढली. २०२४ मध्ये वीस लाखांहून जास्त भारतीय थायलंडला जाऊन आले. जा की, कोण नको म्हणतंय! पण परत आल्यावर "तिथं रस्त्यावर खायला काय मजा येते" म्हणणारे गृहस्थच दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर नाक्यावरच्या भजीवाल्याची तक्रार टाकतात. म्हणून म्हटलं, तिथलं हे खाणं, खरेदी आणि आराम आलं कुठून, ते एकदा सविस्तर लिहावं.

१७८२ साली पहिल्या राम राजाने चाओ फ्राया नदीच्या पूर्व काठावर नवी राजधानी वसवायला घेतली. राजवाड्यासाठी जी जागा पसंत पडली तिथं चिनी व्यापाऱ्यांची वस्ती होती. त्यांना सांगितलं, उठा, तटाबाहेर जा. ते गेले आणि त्यांनी सांपेंग वसवलं. आज आपल्या बायका जिथं मणी, लेस, पिना घाऊक भावात घेतात तीच ही चिंचोळी गल्ली. शेजारी फाहुरातला शीख व्यापाऱ्यांची कापडाची दुकानं, आणि पलीकडे १८९० च्या दशकात काढलेला यावारात रस्ता, सोन्याच्या पेढ्यांचा आणि रात्रीच्या खाण्याचा. थोडक्यात, राजधानीची पायाभरणी आणि व्यापाऱ्यांना उठवणं ही दोन्ही कामं एकदमच झाली.

आता पाद थाई. नावावरून वाटतं हजार वर्षांचा पदार्थ असेल. नाही हो. १९३८ च्या अखेरीस फिबूनसोंगक्राम नावाचा लष्करी गडी पंतप्रधान झाला. त्याने १९३९ मध्ये सयामचं नाव बदलून थायलंड केलं, लोकांनी काय घालावं, कसं वागावं याचे फतवे काढले. डोक्यावर हॅट हवी, पान खायचं नाही! (आपल्याकडे असा हुकूम निघाला असता तर सरकार आठवड्यात पडलं असतं.) पुढे महायुद्ध आलं, १९४२ मध्ये बँकॉकला मोठा पूर आला, आणि त्याच काळात सरकारने नूडल्स खा, नूडल्स विका, अशी मोहीमच काढली. चिंचेचा कोळ, सुकट, टोफू, मोड आलेले मूग घालून परतलेल्या तांदळाच्या नूडल्स ‘थाई’ म्हणून पुढे आल्या. गंमत बघा. नूडल्स चिन्यांच्या, कढईत परतायची रीत चिन्यांची, आणि त्याच वर्षांत अनेक धंदे चिनी लोकांना बंद करून थाई माणसासाठी राखून ठेवले जात होते. पदार्थ घेतला, विकणारा नको झाला.

चातुचकचं मूळही याच फिबूनपर्यंत जातं. १९४८ मध्ये पुन्हा सत्तेवर आल्यावर गावोगावी आठवडी बाजार भरवायचं धोरण त्याने काढलं. बँकॉकचा बाजार बरीच वर्षं राजवाड्यासमोरच्या सनाम लुआंग मैदानात भरायचा. १९८२ ला शहराची दोनशे वर्षं आली, मैदान नीटनेटकं हवं झालं, आणि बाजार उत्तरेला रेल्वेच्या जमिनीवर गेला. इथं मात्र पर्यायी जागा आधी मिळाली, म्हणून बाजार जगला. हा फरक लक्षात ठेवा.

मालिशची गोष्ट वेगळी आहे आणि मला सगळ्यात आवडते. वाट फो या देवळात तिसऱ्या रामाने १८३० च्या दशकात वैद्यक, काव्य, इतिहास असं बरंच ज्ञान दगडी फलकांवर कोरून ठेवलं. त्यात शरीरातल्या नाड्या दाखवणारे मालिशचे फलक आहेत, आवारात आसनं करणाऱ्या ऋषींचे पुतळे आहेत. थाई मालिश करणारे आजही ज्याला आद्यगुरू मानून वंदन करतात तो म्हणजे बुद्धांचा वैद्य जीवक, आपल्या मगधातला. १९५५ मध्ये तिथं शिकवण्याची शाळा निघाली, २०१९ मध्ये युनेस्कोने या विद्येला वारसा म्हणून मान्यता दिली. मग ‘मसाज’ म्हटल्यावर लोक डोळे का मिचकावतात? त्याचं बरंचसं उत्तर व्हिएतनाम युद्धात आहे. १९६७ मध्ये अमेरिकी सैनिकांना पाच-पाच दिवस विश्रांतीला आणायचा करार झाला आणि त्यांच्यासाठी बार, पार्लर, हॉटेलं उभी राहिली. सैनिक गेले, धंदा राहिला.

त्याआधीच, १९६० मध्ये, सरित या दुसऱ्या लष्करशहाने पर्यटन संस्था काढली होती. त्याच सुमारास राजधानीतून सायकलरिक्षा हद्दपार केल्या. पाहुण्यांना शहर स्वच्छ दिसायला हवं ना!

१९९७ च्या जुलैत बाथ कोसळला. तिथं त्या संकटाला एका सूपचं नाव आहे, तोम याम कुंग. डॉलरला पंचवीसचा बाथ सहा महिन्यांत पन्नासच्या पलीकडे गेला, लाखो नोकऱ्या गेल्या. सिरिवत नावाचा एक बडा गुंतवणूकदार गळ्यात पेटी अडकवून फुटपाथवर सँडविच विकू लागला. सरकारकडे देण्यासारखं फारसं काही नसताना लोकांना फुटपाथने खायला घातलं.

आणि २०१४ च्या लष्करी उठावानंतर तोच फुटपाथ ‘परत मिळवायची’ मोहीम निघाली. २०१६ मध्ये सुखुमवितच्या गाड्या उठल्या, पाक ख्लोंगच्या फूलबाजारातले रस्त्यावरचे विक्रेते उठले. एप्रिल २०१७ मध्ये तर वर्षअखेरपर्यंत सगळ्याच रस्त्यांवरच्या गाड्या हटवू, असं महापालिकेकडून जाहीर झालं. जगभर ओरड झाली तेव्हा खुलासा आला की यावारात आणि खाओ सान ठेवणार. दोन्ही पर्यटकांचे रस्ते. त्याच डिसेंबरात मिशलँची पहिली बँकॉक पुस्तिका आली. त्यासाठी पर्यटन खात्याने पाच वर्षांचे १४ कोटी ४० लाख बाथ मोजले होते. त्यात डोळ्यांवर गॉगल लावून कोळशाच्या शेगडीवर खेकड्याचं ऑम्लेट करणाऱ्या जय फाय आजींना एक तारा मिळाला. मिळायलाच हवा होता.

पण बँकॉकमध्ये भाड्याच्या असंख्य खोल्यांना स्वयंपाकघरच नसतं. कामावरून सुटलेली बाई गाडीवरून भात, रस्सा, भाजी प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून घेते आणि घरी जाते. अशा बायकांना थाई भाषेत ‘पिशवीवाल्या गृहिणी’ असं नावच पडलंय. सुखुमवितवरून उठलेल्या गाड्यांवर त्या आणि मोटारसायकल टॅक्सीवाली पोरं जेवत. त्यातल्या काही गाड्या आतल्या गल्ल्यांत गेल्या, आणि ज्यांना मॉलच्या फूड कोर्टचं भाडं परवडलं नाही त्यांनी धंदा बंद केला.