छोटा ट्रॅक्टर : क्लच, गिअरपेटी आणि अवजारे

साधारण १५ ते ३० अश्वशक्तीचा, फळबागेच्या किंवा उसाच्या दोन ओळींमधून जाऊ शकणारा अरुंद चारचाकी ट्रॅक्टर. ‘छोटा’, ‘मिनी’ किंवा ‘बेबी ट्रॅक्टर’ या नावांनी तो ओळखला जातो. पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड तालुक्यांत कांदा, डाळिंब, ऊस आणि चारापिके एकाच शेतकऱ्याकडे असतात. त्यामुळे एकाच ट्रॅक्टरला नांगर, रोटाव्हेटर, फवारणीचा ब्लोअर, कडबाकुट्टी आणि ट्रॉली अशी परस्परांहून फार वेगळी अवजारे आलटून पालटून लागतात. खरेदीच्या वेळी चौकशी होते ती अश्वशक्तीची आणि किमतीची. अवजार नीट चालेल की नाही हे मात्र बऱ्याच अंशी क्लच आणि गिअरपेटी ठरवतात.

शिरूर तालुका या विषयाशी दोन अंगांनी जोडलेला आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तालुक्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करत शिकणे हा त्याचा पाया. जीपचे सुटे भाग वापरून कमी खर्चाचा ‘मेकबुल’ नावाचा छोटा ट्रॅक्टर या आश्रमात तयार झाला. बैलजोडी परवडेनाशी झालेल्या आणि मोठा ट्रॅक्टर न पेलणाऱ्या शेतकऱ्यासाठी, गावच्या कार्यशाळेत बांधता व दुरुस्त करता येईल असे यंत्र, हा त्यामागचा विचार होता. दुसरे अंग म्हणजे याच तालुक्यात, पुणे–नगर रस्त्यावरील सणसवाडी येथे असलेला जॉन डिअरचा कारखाना. तो लार्सन अँड टुब्रोबरोबरच्या भागीदारीत सुरू झाला आणि २००५ मध्ये भागीदाराचा वाटाही डिअरने घेतला. एकाच तालुक्यात जुन्या जीपच्या भागांपासून बनलेला ट्रॅक्टर आणि जागतिक कंपनीचा ट्रॅक्टर असे दोन्ही घडले, ही या भागाची मोठी जमेची बाजू आहे.

जीपचे भाग ट्रॅक्टरला वापरताना येणारी अडचण या विषयाचे मर्म दाखवते. जीपची गिअरपेटी सडकेवरच्या वेगासाठी बांधलेली असते. शेतात मात्र इंजिन पूर्ण जोरात फिरत असताना चाके माणसाच्या चालीने फिरावी लागतात. म्हणून वेग आणखी उतरवणाऱ्या दात्यांची सोय करावी लागते. शिवाय अवजार फिरवणारा दांडा, म्हणजे पीटीओ, शक्ती कोठून घेतो हाही प्रश्न असतो. तो क्लचच्या पुढे गिअरपेटीतून शक्ती घेत असेल, तर पायाने क्लच दाबताच चाकांबरोबर अवजारही थांबते.

एकेरी क्लचच्या ट्रॅक्टरमध्ये नेमके हेच घडते. पॅडल एक, क्लचची पाती (प्लेट) एक आणि तिच्यावर चाके व पीटीओ दोन्ही अवलंबून. नांगरट, पाळी, सरी पाडणे आणि ट्रॉली ओढणे या कामांना त्याने काहीच बिघडत नाही, कारण तेथे पीटीओ फिरतच नाही. रोटाव्हेटर लावला की गैरसोय सुरू होते. गिअर बदलायला क्लच दाबला की रोटाव्हेटरची पाती मातीत रुतून थांबतात आणि क्लच सोडताना इंजिनवर एकदम ताण येतो. तो टाळण्यासाठी चालक अर्धा क्लच दाबून काम रेटतात. त्याने क्लचची पाती घासून तापते आणि लवकर जळते. ती बदलण्यासाठी ट्रॅक्टर मधून फोडून दोन भाग करावे लागतात, म्हणजे खर्च पातीच्या किमतीपुरता राहत नाही. बांधाजवळ आधी रोटाव्हेटर उचलावा, मग क्लच दाबावा, ही सवय एकेरी क्लचवाल्याने लावून घेतलीच पाहिजे.

एकेरी क्लचचा दुसरा धोका कमी लोकांना माहीत असतो. कडबाकुट्टी किंवा गवत कापण्याचे यंत्र यांची जड चक्रे एकदा वेगात आली की क्लच दाबल्यावरही फिरत राहतात. पीटीओ व चाके क्लचच्या एकाच बाजूला असल्याने ती गती उलट मार्गाने चाकांपर्यंत पोहोचते आणि ट्रॅक्टर पुढे ढकलला जातो. यासाठी पीटीओ आणि अवजार यांच्यामध्ये एकाच दिशेने शक्ती जाऊ देणारी जोडणी बसवतात. जुन्या काही ट्रॅक्टरांत हायड्रोलिकचा पंपही याच साखळीवर चालतो, तेव्हा क्लच दाबल्यावर लिफ्ट अवजार उचलत नाही.

दुहेरी क्लचमध्ये पॅडल अर्धे दाबले की फक्त चाके थांबतात, पूर्ण दाबले की पीटीओही थांबतो. डाळिंबाच्या बागेत फवारणी करणाऱ्याला या फरकाची किंमत लगेच कळते. ओळ संपून वळताना किंवा गिअर बदलताना ब्लोअरचा पंखा आणि पंपाचा दाब कायम राहतो. एकेरी क्लचमध्ये दाब उतरतो आणि ओळीच्या टोकाची झाडे अर्धवट भिजतात. स्वतंत्र पीटीओला तर वेगळा, बहुधा तेलात बुडालेल्या अनेक पात्यांचा क्लच असतो आणि तो हाताच्या दांड्याने चालतो. कॅनडातील कॉकशट कंपनीने १९४० च्या दशकात अशी सोय आपल्या ट्रॅक्टरवर दिली होती. आज भारतातील काही छोट्या ट्रॅक्टरांतही ती मिळते, पण किंमत वाढते.

पीटीओचा प्रमाण वेग मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला ९. तो राखून चाकांचा वेग हवा तेवढा ठेवणे हे गिअरपेटीचे काम. समजा, रोटाव्हेटरचा रोटर मिनिटाला २०० फेरे घेतो आणि एका फेऱ्यात एका रेषेत ३ पाती मातीत शिरतात. ट्रॅक्टर ताशी ३ किलोमीटरने चालला, तर प्रत्येक पाते सुमारे ८ सेंटिमीटर माती कापते. ताशी २ किलोमीटरला तीच कापणी साडेपाच सेंटिमीटरवर येते आणि ढेकळे बारीक होतात. कांद्याच्या वाफ्यासाठी हा फरक मोठा आहे. म्हणून अश्वशक्तीपेक्षा खालच्या गिअरची संख्या आणि त्यांचे वेग विचारणे जास्त उपयोगाचे. तेवढेच फेरे इंजिन कमी वेगात ठेवून देणारा पीटीओही काही ट्रॅक्टरांना असतो. फवारणीसारख्या हलक्या कामात त्याने डिझेल वाचते, पण रोटाव्हेटरसाठी तो वापरू नये.

गिअरपेटीचे प्रकार थोडक्यात असे : सरकत्या दात्यांची पेटी स्वस्त व दणकट असते, पण गिअर बदलायला ट्रॅक्टर थांबवावा लागतो, नाहीतर दाते तुटतात. महिंद्रा युवराज २१५ हा १५ अश्वशक्तीचा, एका सिलिंडरचा ट्रॅक्टर या गटात येतो. सतत गुंतलेल्या दात्यांची पेटी अधिक सुरळीत चालते. सिंक्रोमेश पेटीत चालता चालता गिअर बदलतो, त्याचा लाभ मुख्यतः ट्रॉलीला. पुढे-मागे जाण्यासाठी वेगळा दांडा असेल, तर बागेत वळताना आणि लोडर चालवताना वेळ वाचतो. तेलाच्या दाबावर चालणारी हायड्रोस्टॅटिक पेटी अमेरिकेत छोट्या ट्रॅक्टरांत सर्रास दिसते. तिच्यात पीटीओचा वेग न बदलता चाकांचा वेग पायाने हवा तसा बदलतो. मात्र तिच्यात शक्ती जास्त वाया जाते आणि नांगरटीसाठी ती योग्य नाही. आपल्याकडच्या कामांना ती आज परवडणारी नाही.

माळरानाच्या उतारावर भरलेली ट्रॉली घेऊन उतरताना क्लच दाबू नये आणि गिअर काढू नये. त्यामुळे इंजिनचा रोध जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. हा नियम सर्व प्रकारच्या ट्रॅक्टरांना सारखाच लागू आहे.

केवळ नांगरट, पाळी आणि वाहतूक असेल, तर एकेरी क्लच पुरेसा आहे. त्यापलीकडे जास्त पैसे घालू नयेत. बाग, फवारणी आणि रोटाव्हेटर ही मुख्य कामे असतील, तर दुहेरी क्लचखाली उतरू नये. विकत घेण्यापूर्वी विक्रेत्याला पीटीओ चालू करून क्लच अर्धा व पूर्ण दाबून दाखवायला सांगावे. आणि दुहेरी क्लच वा स्वतंत्र पीटीओ घेणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे, की क्लचवर पाय असला म्हणजे अवजार थांबलेले असतेच असे नाही. पीटीओ बंद करून, दांडा फिरायचा थांबल्यावरच खाली उतरावे. उपरणे किंवा साडीचा पदर त्या दांड्याच्या जवळही जाऊ देऊ नये.