काळीज आणि उंदीर

आमच्या घरात उर्दूही बोलतात आणि मराठीही. उर्दूतलं ‘जिगर’ म्हणजे मुळात यकृत. आपलं मराठी ‘काळीज’ही मूळचं तेच. दोन्ही भाषांनी हिंमत आणि माया याच अवयवाच्या पदरात टाकली. खाटकाकडे ‘कलेजी’ मागताना मात्र हे कुणाच्या लक्षात येत नाही.

माझे थोरले भाऊ, भाईजान, १९९६ साली यकृताच्या कर्करोगानं गेले. जन्मात कधी दारूला शिवले नव्हते. तरी जनाज्याला आलेल्यांत कुजबुज झालीच. डॉक्टर मात्र म्हणाले होते, “ब प्रकारची कावीळ आहे ही, बहुधा लहानपणापासूनची.” लोक हिला पांढरी कावीळ म्हणतात. पण काविळीचा कर्करोग होतो कसा? हा प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला. पुढं वाचत गेलो आणि उत्तर सापडलं ते उंदरांच्या गोष्टीत.

या काविळीच्या विषाणूची पहिली खूण बारूक ब्लुमबर्ग यांना १९६० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासीच्या रक्तात दिसली. १९७६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. १९८१ मध्ये तैवानमधल्या २२,७०७ पुरुषांची पाहणी प्रसिद्ध झाली. ज्यांच्या रक्तात हा विषाणू मुक्कामाला होता, त्यांना यकृताच्या कर्करोगाचा धोका इतरांच्या दोनशे पटींहून अधिक निघाला. संबंध सिद्ध झाला, पण कारण कळलं नव्हतं. विषाणू थेट पेशी बिघडवतो की आणखी काही घडतं?

अडचण अशी, की उंदराला ही कावीळ होतच नाही. मार्ग दाखवला तो १९८२ च्या एका प्रयोगानं. अमेरिकेत पामिटर आणि ब्रिन्स्टर यांनी फलित बीजांडात वाढीच्या संप्रेरकाचं जनुक सोडून भलेमोठे उंदीर जन्माला घातले होते. त्याच युक्तीनं कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेतल्या फ्रान्सिस किझारी यांनी, या दोघांना सोबत घेऊन, विषाणूचं जनुक उंदरात घातलं. ते काम १९८५ मध्ये प्रसिद्ध झालं.

पुढं काही उंदरांच्या यकृतात विषाणूच्या वेष्टणाचं एक प्रथिन भरमसाट तयार होऊ लागलं. ते बाहेर पडेना. पेशी फुगत, मरत; त्यांच्या जागी नव्या येत. महिनोन्‌महिने हेच चाललं. वय वाढलं तशा गाठी आल्या, आणि मग कर्करोग. १९८९ मध्ये हे जगापुढं आलं. या उंदरांत जिवंत विषाणू नव्हता, फक्त त्याचं एक जनुक होतं. आणि दारूचा तर थेंबही नव्हता.

माणसात तर विषाणूनं भरलेल्या पेशी मारतं ते आपलंच प्रतिकारदल. म्हणून १९९८ मध्ये किझारी आणि सहकाऱ्यांनी आणखी एक प्रयोग मांडला. ज्या उंदरांचं यकृत निरोगी होतं, पण पेशींत विषाणूचं प्रथिन होतं, त्यांना त्या प्रथिनाला शत्रू मानणाऱ्या दुसऱ्या उंदरांच्या प्रतिकारपेशी दिल्या. यकृताला दीर्घकाळ सूज राहिली आणि शेवटी कर्करोगच झाला. शत्रूला पुरतं हटवता न येणारी रेंगाळती लढाईच घात करते, हे दिसलं. रोज जखम, रोज डागडुजी. आणि घाईच्या डागडुजीत कधीतरी पेशीची चूक होते.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे. माणसात हा विषाणू आपल्या जनुकांत घुसतो, त्याचाही वाटा असतो. पण मूळ धडा टिकला: ही लढाई सुरूच होऊ देऊ नये. तैवाननं १९८४ मध्येच नवजात बाळांना लस द्यायला सुरुवात केली होती. तिथल्या मुलांमधला यकृताचा कर्करोग निम्म्यावर आल्याचं १९९७ मध्ये दिसलं. आपल्याकडे २०११ पासून ही लस देशभरातल्या सरकारी लसीकरणात आहे. ज्यांना लागण झालीच आहे, त्यांच्यासाठी विषाणूला दाबून ठेवणारी औषधं आहेत. साधी रक्ततपासणी केली की कळतं.

भाईजानच्या नातवाला जन्मल्यानंतर चोवीस तासांच्या आत लस टोचली. तो रडला, तेव्हा मला ते उंदीर आठवले. माझ्या भावाची बाजू त्या मुक्या जिवांनीच मांडली होती.

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)