अटलांटिक कन्व्हेयर : एका मालवाहू जहाजाची सहा आठवड्यांची लष्करी सेवा

युद्धाच्या इतिहासात मालवाहू जहाजांना बहुधा तळटीपेतच जागा मिळते. विनाशिका, पाणबुड्या, विमानवाहू नौका यांची नावे अभ्यासकांना मुखोद्गत असतात. त्यांना इंधन, दारूगोळा आणि शिधा पुरवणारी जहाजे मात्र निनावीच राहतात. १९८२ च्या फॉकलंड युद्धातील 'अटलांटिक कन्व्हेयर' हे जहाज याला अपवाद ठरले, आणि तेही बुडाल्यामुळे. युद्धात माल वाहणे हे लढण्याइतकेच निर्णायक काम असते, आणि ते करणाऱ्यांना लढणाऱ्यांइतके संरक्षण क्वचितच मिळते, या दोन्ही गोष्टी या जहाजाच्या अल्प लष्करी कारकिर्दीतून स्पष्ट होतात.

इंग्लंडमध्ये टाइन नदीच्या काठी स्वान हंटर कंपनीने बांधलेले हे सुमारे १५,००० टनी जहाज १९७० मध्ये सेवेत आले. उत्तर अटलांटिकवर कंटेनर आणि मोटारगाड्या वाहून नेणे हे त्याचे काम. गाड्या थेट आत चालवत नेता याव्यात म्हणून त्याच्या पोटात भिंतींचे अडथळे नसलेले प्रशस्त मजले होते. एप्रिल १९८२ मध्ये कुनार्ड कंपनीच्या मालकीचे हे जहाज लिव्हरपूलला काम नसल्याने नुसते उभे होते.

२ एप्रिलला अर्जेंटिनाने फॉकलंड बेटे ताब्यात घेतली. ब्रिटनपासून ती सुमारे १३,००० किलोमीटर दूर. नौदलाची स्वतःची जहाजे अपुरी पडणार हे उघड होते, म्हणून सरकारने पन्नासच्या आसपास व्यापारी जहाजे ताब्यात घेतली. अटलांटिक कन्व्हेयर त्यांपैकी एक. प्लिमथजवळच्या डेव्हनपोर्टच्या नौदल गोदीत अवघ्या काही दिवसांत त्याचा कायापालट झाला. वरच्या डेकवर दोन्ही कडांना कंटेनर रचून भिंती उभारल्या, म्हणजे मधल्या जागेतील विमानांना वाऱ्यालाटांपासून आडोसा मिळावा. पुढे हेलिकॉप्टर आणि हॅरिअर विमाने उतरतील असा तळ केला. २५ एप्रिलला जहाज निघाले.

स्वसंरक्षणाची साधने मात्र त्यावर बसवली गेली नाहीत. व्यापारी जहाजाला अशी सामग्री द्यावी का, हा प्रश्न चर्चेला आला. त्यात कायदेशीर शंकाही निघाल्या. शत्रूच्या रडारला चकवण्यासाठी धातूचा मुलामा दिलेल्या तंतूंचे ढग हवेत सोडतात, त्यांना 'चाफ' म्हणतात. ती साधी सोयही या जहाजाला मिळाली नाही. पोटातला माल मात्र निखळ लष्करी होता : चिनूक आणि वेसेक्स हेलिकॉप्टर, क्लस्टर बॉम्ब, इंधन, धावपट्टी अंथरण्यासाठी धातूच्या पट्ट्या, चार हजारांहून अधिक सैनिकांना पुरतील इतके तंबू. असेन्शन बेटावर त्यात चौदा हॅरिअर विमानांची भर पडली. ती मे महिन्यात 'हर्मिस' आणि 'इन्व्हिन्सिबल' या विमानवाहू नौकांवर सुखरूप पोचवण्यात आली. या जहाजाच्या सेवेतले हे सर्वांत यशस्वी काम.

उरलेला माल उतरवण्यासाठी २५ मेच्या रात्री ते सान कार्लोसच्या खाडीत शिरणार होते. तो दिवस अर्जेंटिनाचा राष्ट्रीय दिन. त्या दिवशी दोन सुपर एतांदार विमानांनी ब्रिटिश ताफ्यावर एक्झोसेट क्षेपणास्त्रे सोडली. त्यांना हव्या होत्या विमानवाहू नौका. युद्धनौकांनी चाफ उधळले, क्षेपणास्त्रांचा मार्ग ढळला आणि पुढ्यात आले ते चाफ नसलेले अटलांटिक कन्व्हेयर. आग भिंती नसलेल्या त्या मजल्यांवरून पसरत इंधनापर्यंत आणि बॉम्बपर्यंत गेली. बारा माणसे मृत्युमुखी पडली, त्यांत बहुतेक नागरी खलाशी होते. कप्तान इयन नॉर्थ अगदी शेवटी जहाजावरून उतरले. तराफ्यापर्यंत ते पोचू शकले नाहीत. जळालेले जहाज ओढून नेत असताना २८ मे रोजी बुडाले.

त्याच्याबरोबर तीन चिनूक आणि सहा वेसेक्स गेली. हल्ल्याच्या वेळी हवेत असलेले 'ब्राव्हो नोव्हेंबर' हे एकच चिनूक वाचले. सुटे भाग, हत्यारे, तांत्रिक पुस्तिका सारे जळून गेलेले असतानाही ते युद्ध संपेपर्यंत उडत राहिले. एका फेरीत त्याने ऐंशीहून अधिक सैनिक नेल्याची नोंद आहे. पण एकटे हेलिकॉप्टर किती वाहणार? मरीन कमांडो आणि छत्रीधारी सैनिकांना पाठीवर जड ओझी घेऊन, दलदलीतून आणि बोचऱ्या थंडीत बेट पायी ओलांडावे लागले. बाकीच्या फौजेची ने-आण समुद्रमार्गावर अधिक विसंबून राहिली. त्याच वाहतुकीत ८ जूनला 'सर गॅलहॅड' या जहाजावर बॉम्ब पडले आणि अठ्ठेचाळीस जण गेले. दोन्ही घटनांची साखळी थेट जोडणे धाडसाचे होईल. तरी हेलिकॉप्टरांच्या तुटवड्याने सेनापतींसमोरचे पर्याय कमी झाले, यात शंका नाही. १४ जूनला अर्जेंटिनाच्या सैन्याने शरणागती पत्करली.

या कथेचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. ज्या 'हर्मिस'वर त्या हॅरिअरपैकी काही विमाने पोचली, ती १९८७ मध्ये 'विराट' या नावाने भारतीय नौदलात आली आणि २०१७ पर्यंत आपल्या बंदरात वावरली. तिला निरोप देताना लेख लिहिले गेले, ती भंगारात जाऊ नये म्हणून मोहिमा झाल्या. तिच्याकरता विमाने वाहून नेणारे आणि तिच्यासारख्याच नौकांवर रोखलेला आघात स्वतःच्या अंगावर घेणारे जहाज मात्र त्या स्मरणात क्वचितच डोकावले. विमानवाहू नौका मोलाची, म्हणून तिच्याभोवती संरक्षणाची कडी उभी करायची; आणि सैन्याचे पायच ज्याच्या पोटात आहेत, ते जहाज केवळ 'व्यापारी' म्हणून उघडे सोडायचे, हा हिशेब त्या संध्याकाळी चुकला. त्याची किंमत कोणी मोजली, हे त्या बारा जणांच्या यादीत वाचता येते.