मराठवाड्यातील तरुण प्रतिभा आणि औरंगाबाद

धावडा हे भोकरदन तालुक्यातील गाव १९८१ साली जालना जिल्हा निर्माण होईपर्यंत औरंगाबाद जिल्ह्यात होते. निजामी राजवटीत अशा गावातील मुलाला पदवी मिळवावयाची, तर हैदराबादची वाट धरावी लागे. तेथील उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली स्थापन झाले, ते उर्दू माध्यमाचे म्हणून. म्हणजे घराबरोबर विचाराची भाषाही मागे टाकावी लागे.

हा ओघ वळविण्याचा मोठा प्रयत्न १९५० साली झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेस महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले.

परंतु केवळ पदवीच्या सोयीने माणसे टिकत नाहीत. नागपूरचे गंगाधर पानतावणे अध्यापनासाठी मिलिंद महाविद्यालयात आले, ते या शहराचेच झाले. त्यांच्या संपादनाखालील ‘अस्मितादर्श’ने नव्या दलित लेखकांना हक्काचे व्यासपीठ दिले. शिक्षण, उपजीविका आणि अभिव्यक्ती एकत्र आली, तेव्हाच शहराने प्रतिभा राखली व बाहेरूनही आणली.

तथापि, धावड्याच्या बाजूने पाहता प्रश्न शिल्लकच राहतो. हैदराबादऐवजी आजचे छत्रपती संभाजीनगर, एवढाच वाटेतील फरक. विद्यापीठाने आपला अभ्यासक त्याच्या गावी बोलीच्या, इतिहासाच्या संशोधनार्थ पुन्हा पाठविला, तरच हे वर्तुळ पूर्ण होईल.